नलूआत्या मुलुंडलाच होती

तुमच्या घरात अशी कोण आहे, जिचा खरा पत्ता तुमच्या गावाला माहीत नाही?

लगेच "कोणी नाही" म्हणू नका. आठवून बघा. एखादी मावशी, जी गेली कित्येक वर्षं "तिकडेच असते". एखादा काका, ज्याचा विषय निघाला की कोणीतरी उठून चहा टाकायला जातं. आठवलं? मग जरा थांबा. मला आधी माझ्या आत्याशी बोलायचंय. आमचं एक भांडण अर्धवट राहिलंय.

नलूआत्या, आज तुझा दहावा. भांडण मध्येच सोडून स्वयंपाकघरात निघून जायची तुझी सवय जुनीच, पण या वेळी अतिच केलंस. मी अजून बोलतेय आणि तू नाहीस. आणि ज्या गोष्टीवरून आपण इतकी वर्षं एकमेकींचं डोकं खाल्लं, ती गोष्ट तू गेल्यावर चौथ्या दिवशी बाबांनी दोन फोनांत उरकून टाकली. तुला बघायला मिळालं नाही, याचा मला दुःखापेक्षा राग जास्त येतोय.

तूच मला वाढवलंस असं आई गमतीनं म्हणते, पण ते खरंच आहे. आई-बाबा कामावर, आणि तू औषधांच्या कारखान्यातून पाळी संपवून दुपारी घरी. हॉलमधल्या तुझ्या दिवाणावर पत्रकांचे गठ्ठे. मुलुंडमधल्या बाकीच्या पोरी पाटीवर अक्षरं गिरवत होत्या तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत होते. मला वाचता आलेला पहिला जोडाक्षरी शब्द "हक्क" होता, हे तू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचीस. पाण्याची पत्रकं, रेशनची पत्रकं, बायकांच्या मुताऱ्यांची पत्रकं. ती वाटताना मला लाज वाटायची आणि तुला मजा.

लिहायला तूच शिकवलंस. "शेवटी एकच काम सांगायचं," म्हणायचीस, "आणि तेही आज संध्याकाळपर्यंत होईल असं. 'जागे व्हा' हे काम नव्हे गो. लोक जागेच असतात, त्यांना कामावर जायचं असतं." माझा मसुदा वाचताना कपाळाला आठी घालून तू हमखास म्हणायचीस, "कुंदा असती तर तिनं हे दोन ओळींत सांगितलं असतं." कुंदा म्हणजे तुझी शाळेतली मैत्रीण, तळकोकणातल्या आपल्या गावची. तिच्याबरोबर तू काजू चोरलेस, तिच्याबरोबर मास्तरांची छत्री विहिरीत टाकलीस. मला कधी न भेटलेल्या त्या बाईचा मी लहानपणी मत्सर करायचे.

आणि अशी तू, बाहेर कारखान्याच्या गेटवर मालकाला अरे-तुरे करणारी, घरात मात्र तीस-बत्तीस वर्षं एक बिनबुडाचं खोटं शांतपणे पांघरून बसलीस. इथे माझं डोकं फिरायचं. अजून फिरतंय.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. आत्याचं लग्न ठरलं होतं, मुलगा बडोद्याचा. आपलं घर म्हणजे गावातलं मोठं घर. जत्रेला देवीपुढे पहिला नारळ ठेवायचा मान आपला. अशा घरातल्या मुलींना विचारायची पद्धत नव्हती. आत्यालाही कोणी विचारलं नाही. लग्नाला मंडळी बडोद्याला निघायची होती, त्याच्या आदल्या सकाळी ती एसटीत बसली आणि थेट मुलुंडला धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, एका खोलीत येऊन थडकली. इथवर सगळं झकास. पुढे काय झालं? आबाकाकांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, बडोद्याच्या लोकांचे पाय धरले, माफी मागितली, आणि गावात सांगितलं, "लगीन बडोद्याक आदीच उरकला. न्हवऱ्याच्या आजीची तब्येत बरी नाय, म्हणान घाईत." गावानं पेढे खाल्ले. लग्न न झालेली आत्या मुलुंडला, आणि लग्न झालेली आत्या बडोद्याला. एकाच बाईची दोन घरं, त्यातलं एक खोटं.

तुला हसू यायचं. तेच मला सहन व्हायचं नाही. "अगो, फुकटात नवरा मिळालाय," म्हणायचीस, "तोही बडोद्याला. भात वाढायला नको, सासूचं ऐकायला नको. असा नवरा शोधून सापडतो का?" त्या नसलेल्या माणसाला आपण घरात कायकाय केलं! त्याला बढती दिली, मधुमेह दिला, एकदा स्कूटरवरून पाडला. आबाकाकांना दरवर्षी जत्रेच्या वेळी त्याची रजा नामंजूर करावी लागायची.

दिगूमामा आठवतात? गावचे शेजारी, डोळे तपासायला मुंबईला आलेले आणि न कळवता दारात उभे. गावची माणसं यायची असली की तू पिशवी भरून घाटकोपरला मैत्रिणीकडे जायचीस, पण त्या दिवशी वेळच मिळाला नाही. दार तूच उघडलंस, दोन्ही हातांना पोस्टरची खळ.

"नलू? तू हंय?"

"कालच इलंय मामा."

"आनि जावय?"

"ते बडोद्याक. जागचे हलनत नाय."

"सभाव कसो? बोलतत बिलतत?"

"काय एक बोलनत नाय. भारी शांत माणूस."

आत येऊन तोंडात पदर कोंबून हसलीस, आईही हसली. मी शाळेच्या गणवेशात कोपऱ्यात उभी होते आणि मला अजिबात हसू आलं नाही. कारण चहा पिताना दिगूमामा तुझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "काळजी करू नको गो. देवीक सांगणा घातला. औंदा तरी कूस उजवतली." गावच्या देवळात दर जत्रेला तुझ्या पोटी मूल व्हावं म्हणून गाऱ्हाणं घातलं जायचं, आत्या. नसलेल्या नवऱ्यापासून न होणाऱ्या पोराचा नवस! गावच्या लेखी तू वांझ होतीस. बायकांच्या सन्मानावर तू लिहिलेलं पत्रक त्याच वेळी तुझ्या दिवाणावर ओलं पडलेलं होतं.

मी किंचाळले होते, "तू सांगत का नाहीस त्यांना?" तू म्हणालीस, "मी कुठे खोटं बोलले? ज्यांनी लिहिलं त्यांनी पुसावं."

उत्तम वाक्य होतं. टाळ्या पडतील असं. पण उत्तर नव्हतं.

आजी गेली तेव्हा मी नववीत होते. आपण सगळे बसनं निघालो. सकाळी कणकवलीला बस चहाला थांबली, तेव्हा तू पर्समधून काळ्या मण्यांचं मंगळसूत्र काढलंस, घाटकोपर स्टेशनबाहेरच्या टपरीवरचं, आणि खिडकीच्या काचेत बघत गळ्यात घातलंस. मागचा हूक लागेना. मला म्हणालीस, "बाय, जरा लाव गो." मी लावला नाही. आईनं लावला. परत येईपर्यंत आणि आल्यावरही बरेच दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. शेवटी तूच माझ्या ताटाशी येऊन बसलीस.

"मला माझ्या आईचं तोंड बघायचं होतं," म्हणालीस. "दारावर तिकीट मागितलं. मी दाखवलं. विषय संपला."

"संपला नाही," मी म्हणाले. तू उठून स्वयंपाकघरात गेलीस.

बघ, तिथेच आहे अजून ते भांडण.

मग या महिन्यात तू गेलीस. दवाखान्यात दोन दिवस, आणि तिथेही आयाबाईला पगारी सुट्टी मिळते का, हे विचारून झालं होतं तुझं. तुला निरोप देऊन घरी आलो, आंघोळी झाल्या, आणि आबाकाकांचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर लावला. काका रडले. खरंच रडले, ते मी नाकारत नाही. मग नाक ओढून म्हणाले, "बाळा, तीन दिवसांचा सुतक धर. लगीन झालेली चेडू, तीन दिवस पुरे. चौथ्या दिवशी न्हा, दाढी कर आनि चेकनाक्यावरना गाडी धर. जत्रा सहाव्या दिवशी."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, आणि वाट लागली माझ्या डोक्याची.

दिल्या घरची मुलगी गेली तर माहेरी सुतक तीन दिवस. लग्न न झालेली गेली तर ती आपलीच, तिचं सुतक पुरे दहा दिवस, सगळ्या भावकीला. आणि सुतकात देवळाची पायरी चढायची नाही. म्हणजे नलूआत्या बडोद्याची असेल तर नारळ आपला. नलूआत्या मुलुंडची असेल तर यंदाचा नारळ खालच्या आळीचा. त्यांचा मान आपल्या पाठचा, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या आपली एक जत्रा चुकायची वाट बघतायत. "त्येंच्या हातात एकदा नारळ गेलो काय परत येवचो नाय," काका म्हणाले. जिवंतपणी जिला गावात यायला नवरा दाखवावा लागला, तिला मेल्यावरही तोच नवरा कामाला लावला, आत्या. एका नारळासाठी.

आणि यातली थट्टा बघ. मी सुतक मानत नाही. विटाळ, सोवळं, शिवाशिव, सगळ्यावर मी लिहिलंय, तूच शुद्धलेखन तपासलंयस. आणि मी हॉलमध्ये उभी राहून ओरडत होते, "दहा दिवस! पूर्ण दहा दिवस सुतक पाळायचं!" सोसायटीतल्या खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार.

आईनं नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. "अगं, नलूताईंनी आयुष्यात कधी सुतक पाळलं का? त्यांचे स्वतःचे वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी मोर्च्याला गेल्या होत्या. आता त्यांच्या नावानं दहा दिवस देवाला दिवा नाही लावायचा, हे त्यांना आवडलं असतं?"

"नसतं आवडलं," मी म्हणाले. "पण तीन दिवस हे खोटं आहे. दहा निदान खरं तरी आहे. सुतक नकोच असेल तर कोणासाठीच नको. पण मोजायचंच असेल तर नीट मोजा. ती कोणाच्या घरची होती ते सांगा."

बाबा दोघींमध्ये बसून होते. तुला ठाऊक आहे त्यांचं गप्प बसणं. तुला दार उघडून घरात घेणारे तेच, आणि पुढे आयुष्यभर आबाकाकांच्या बडोद्याला मान डोलावणारेही तेच. मी त्यांना नको ते बोलले. म्हणाले, "तुमचाही यात स्वार्थ आहे ना. काकांचा गुडघा गेलाय, यंदा नारळ तुमच्या हातात." ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. जन्मभर ते देवीपुढे थोरल्या भावाच्या पाठीमागे, हातात फक्त फुलांची परडी घेऊन उभे राहिले. या वर्षी पहिल्यांदा त्यांची पाळी होती. नवं धोतर आणून ठेवलं होतं. तुलाच दाखवलं होतं त्यांनी, दवाखान्यात जायच्या आधी, आणि तू म्हणाली होतीस, "काठ बरा आहे रे. शोभेल तुला."

चौथ्या दिवशी सकाळी दाराशी त्यांची बॅग भरलेली होती. सुतकात पुरुष दाढी करत नाहीत, तीन दिवसांचे पांढरे खुंट चेहऱ्यावर. ते टॉवेल घेऊन मोरीत गेले. नळ सुरू झाला, बंद झाला. आई पोळ्या लाटत होती, मी मुद्दाम पेपरात तोंड घालून बसले होते. ते बाहेर आले तर तोंड ओलं आणि दाढी तशीच.

"ब्लेड संपलं का?" आईनं विचारलं.

"ब्लेड आहे."

मग ते तुझ्या दिवाणावर बसले आणि त्यांनी काकांना फोन लावला.

"आबा, मी येणंय नाय. माका सुतक आसा."

"संपला मरे काल!"

"नाय. दहा दिवसांचा आसा. नलूचा लगीन झाला नव्हता."

पलीकडे नुसती पडवीतल्या माणसांची कुजबुज. मग काका दबक्या आवाजात म्हणाले, "ह्या तू माका सांगतंस?"

"तुका म्हायत आसा," बाबा म्हणाले. "पडवीत जी माणसां बसलीत, त्यांका सांगतंय. फोनाचो आवाज वायच मोठो कर."

काकांनी फोन बंद केला. मला वाटलं, झालं, इथपर्यंतच बाबांची धाव. पण ते तसेच बसून राहिले, नंबर शोधला, आणि खालच्या आळीच्या प्रमुखाला फोन लावला. अगदी नमस्कार-चमत्कार करून. "औंदा नारळ तुमी ठेवा. आमका सुतक. भैण गेली माझी. नाय, बडोद्याक नाय, हंयच, मुलुंडाक. माझ्याच घरात रवायची. लगीन केल्यान नाय." मग जरा थांबून म्हणाले, "शेंडी मोठी ठेवा हां नारळाची. देवीक तशीच लागता."

फोन ठेवला आणि रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. नारळासाठी रडले की तुझ्यासाठी, मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही. तू असतीस तर विचारलं असतंस.

जत्रा झाली. नारळ खालच्या आळीनं ठेवला. शेंडी मोठी होती, असं चुलतभावानं कळवलं. आबाकाका बोलत नाहीत. भावकीतल्या दोघांनी मला फोन करून सुनावलं की शहरातल्या पोरींनी घराण्याचं नाक कापलं. मी म्हटलं, नाक होतं तिथेच आहे, फक्त आता समोर दिसतंय. तुला आवडलं असतं. तुला ऐकवायला नाक वर करून हॉलमध्ये आले, आणि दिवाण रिकामा.

इथवर मी जिंकले होते, आत्या. मी तुझ्यावर एक लेख मनात लिहायलाही घेतला होता, विजयाचा. मग परवा एक फोन आला.

"नलूच्या घराकडना बोलतंत? मी कुंदा."

मी दिवाणावर बसले. देवळात कोणीतरी बोललं, ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. म्हातारा, बारीक आवाज. आधी तिला खात्री करून घ्यायची होती.

"ती बडोद्याक नव्हतीच?"

"नाही हो. कधीच नव्हती."

"मगे खंय होती?"

"मुलुंडला. पश्चिमेला, आमच्याकडे."

ती "पश्चिमेक" असं पुटपुटली. मग म्हणाली, "माझो झील मुलुंडाक असता. पूर्वेक. मी दर वर्षी हंय येतंय, दोन-दोन महिने रवतंय. पूल चढान तुमच्याच बाजूक भाजी आणूक येतंय."

म्हणजे ती मुलाच्या घरूनच बोलत होती, स्टेशनच्या पलीकडून, मधे फक्त रेल्वेचा पूल.

"तिची आये गेली तेवा मी झिलाकडे हंयच होतंय, भेट नाय झाली. आबाक दर वर्षी तिचो पत्तो इचारी मी," ती म्हणाली. "तो म्हणायचो, ते लोक घर बदलतत, नवीन पत्तो गावलो काय देतंय. मी म्हटलंय, नलू मोठी झाली. माका कित्याक बोलवतली?" आणि मग एकदम, रागानं, अगदी तुझ्यासारख्या रागानं: "पूल नाय गो चढाक येय तिका? माका सांगूचा तरी!"

आता सांग मला. "फुकटात नवरा मिळालाय." फुकटात नव्हता गं, आत्या. त्याची किंमत कुंदा होती. एक जिना चढून उतरण्याइतक्या अंतरावर ती बाई कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होती, त्याच बाजारात तू भाववाढीची पत्रकं वाटत होतीस, आणि मधे एक खोटा नवरा उभा होता. कुंदाला वाटायचं तू मोठी झालीस. तुला काय वाटायचं? कुंदा तुला विसरली? माझा मसुदा वाचताना तू तिचं नाव घ्यायचीस तेव्हा मी वैतागायचे. एकदा तरी विचारायचं होतं की कुठे असते ती आता. तूही कधी म्हणाली नाहीस, की चल, शोधू.

ज्यांनी लिहिलं त्यांनी पुसावं, म्हणालीस. त्यांनी पुसलं नाही. बाबांनी पुसलं, पण तोवर तू गेली होतीस. मला तुझा भयंकर राग आलाय आणि तुझ्याशिवाय हा राग कोणाला सांगायचा ते कळत नाहीये. माझ्यातलं जे काही ताठ आहे ते तुझं आहे. म्हणूनच तू त्या एका जागी वाकलीस हे मला पचत नाही. पण कणकवलीला तो हूक मी लावायला हवा होता का, हा प्रश्न आता मला पडतो. उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्याकडे असेल तर ते घेऊन तू स्वयंपाकघरात गेलीस.

उद्या कुंदामावशी घरी येतेय. पूल चढून. बाबा आज संध्याकाळी दाढी करतील. मी तिला तुझा दिवाण दाखवणार आहे, आणि छत्रीची गोष्ट तिच्या तोंडून ऐकणार आहे, कारण तू नक्कीच स्वतःच्या बाजूनं सांगितली असणार.

आता वाचणाऱ्यांकडे. आत्याच्या नियमाप्रमाणे काम एकच, आज संध्याकाळपर्यंत होणारं. सुरुवातीला तुम्हाला जी व्यक्ती आठवली, तिच्यापाशी जा किंवा तिला फोन करा. भाषण देऊ नका. तिच्या वतीनं गावाला काही सांगूही नका, तो अधिकार तिचा. फक्त एवढंच विचारा: "तुझा खरा पत्ता कोणाला द्यायचा राहिलाय?" ती नाव सांगेल. तिची परवानगी घ्या, आणि त्या माणसाला पत्ता द्या.